वाचकांचे प्रश्न : घर आपले, कारभार दुसऱ्याचा

प्रश्न : नोकरीतील बदलीमुळे आम्ही पती-पत्नी आमच्या घरापासून रात्रभराच्या प्रवासाइतक्या अंतरावर राहायला आलो आहोत. ते घर भाड्याने द्यायचे ठरवले असून, भाडेकरू शोधण्यापासून दुरुस्तीपर्यंत सर्व काही पाहण्यासाठी व्यवस्थापक नेमण्याचा विचार आहे. दोन संस्थांशी बोलणे झाले. पहिली संस्था महिन्याच्या भाड्याच्या ६ टक्के मागते, दुसरी १० टक्के. कमी घेणाऱ्या संस्थेला काम द्यावे असे माझे मत आहे; पत्नीला मात्र त्या संस्थेचा मसुदा वाचल्यापासून काहीतरी खटकते आहे, पण नेमके काय ते तिला सांगता येत नाही. दोन्ही मसुद्यांतील मुख्य अटी सोबत लिहून पाठवत आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : आपल्या पत्नीला जे खटकते आहे ते टक्केवारीखालच्या ओळींमध्ये आहे. पहिली संस्था ६ टक्के घेते हे खरे. परंतु नवा भाडेकरू आणल्याबद्दल ती एका महिन्याचे पूर्ण भाडे, त्याच भाडेकरूचा करार दर वर्षी पुढे वाढवल्याबद्दल अर्ध्या महिन्याचे भाडे आणि दुरुस्तीच्या प्रत्येक बिलावर १५ टक्के जादा आकारते, शिवाय घर रिकामे असले तरी तिचे ६ टक्के चालूच राहतात. दुसरी संस्था १० टक्के घेते, पण ते प्रत्यक्ष जमा झालेल्या भाड्यावर. नव्या भाडेकरूबद्दल ती अर्ध्या महिन्याचे भाडे घेते आणि करार वाढवण्याबद्दल किंवा दुरुस्तीबद्दल वेगळे काही घेत नाही.

महिन्याचे भाडे १०० धरा, म्हणजे हा हिशेब कोणत्याही घराला लावता येईल. एकच भाडेकरू तीन वर्षे राहिला आणि दर वर्षी एका महिन्याच्या भाड्याइतकी दुरुस्ती निघाली, तर पहिल्या संस्थेला व्यवस्थापनाचे २१६, भाडेकरू आणल्याचे १००, दोनदा करार वाढवल्याचे १०० आणि दुरुस्तीवरचे ४५ असे एकूण ४६१ द्यावे लागतील. दुसरीला व्यवस्थापनाचे ३६० आणि भाडेकरू आणल्याचे ५०, म्हणजे ४१०. सहा टक्क्यांची संस्था दहा टक्क्यांच्या संस्थेपेक्षा महाग पडते ती अशी.

आता भाडेकरू टिकला नाही असे समजा. दर वर्षी नवा भाडेकरू आला आणि प्रत्येक बदलाच्या वेळी घर महिनाभर रिकामे राहिले, तर तीन वर्षांत आपल्या भाड्यापैकी २०० बुडतात. रंगरंगोटीचा खर्च वेगळाच. त्याच काळात पहिल्या संस्थेची कमाई मात्र ४६१ वरून ५६१ वर जाते. दुसरीचीही ४१० वरून ४९० होते, हे सांगितले पाहिजे, कारण या दोषापासून दुसरी संस्थाही मुक्त नाही. भाडेकरू घर सोडून जातो तेव्हा मालकाचे नुकसान होते आणि व्यवस्थापकाला मात्र नवी कमाई मिळते, असा करार करून वर त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा ठेवणे मला फारसे शहाणपणाचे वाटत नाही. म्हणून दुसऱ्या संस्थेशी बोलताना दोन अटी घालून पाहाव्यात. भाडेकरू आणल्याचे शुल्क दोन हप्त्यांत द्यावे, अर्धे करार झाल्यावर आणि उरलेले भाडेकरूने वर्ष पूर्ण केल्यावर. आणि भाडेकरू वर्षाच्या आत घर सोडून गेला, तर त्याच्या जागी दुसरा शोधून देण्याचे काम विनाशुल्क व्हावे.

व्यवस्थापकाचे आणि मालकाचे हित आणखी एका ठिकाणी वेगळे होते, आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यात असे दिसले की, दलाल स्वतःचे घर विकत असत तेव्हा ते बाजारात सरासरी साडेनऊ दिवस अधिक ठेवत आणि ग्राहकांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत मिळवत. अभ्यास विक्रीचा असला तरी भाड्यालाही तोच न्याय लागू होतो. आठवडाभर थांबून ५ टक्के अधिक भाडे देणारा भाडेकरू मिळणार असेल, तर वर्षअखेर मालकाच्या पदरात सुमारे ३६ जास्त पडतात. १० टक्के घेणाऱ्या व्यवस्थापकाच्या वाट्याला त्यातले चारसुद्धा येत नाहीत, आणि तेवढ्यासाठी त्याने घर आणखी दहा जणांना दाखवायचे असते. यात लबाडी नाही, हिशेबच तसा आहे. उलट बाजूनेही तो पाहावा : महिनाभर घर रिकामे राहिले तर वर्षाच्या भाड्यातून ८ टक्क्यांहून थोडे अधिक जाते, म्हणजे जास्त भाड्याच्या हट्टाने दोन महिने काढणाऱ्या मालकाचे नुकसान व्यवस्थापक करत नाही, तो स्वतःच करून घेतो. किमान भाडे किती आणि ते मिळेपर्यंत किती दिवस थांबायचे, हे दोन्ही आपण ठरवून लेखी द्यावे.

पैसा कोणत्या वाटेने जातो याकडे टक्केवारीपेक्षाही अधिक लक्ष द्या. शक्य असेल तर भाडे थेट आपल्या खात्यात जमा व्हावे आणि व्यवस्थापकाचे शुल्क आपण त्याला वेगळे द्यावे. काही संस्था याला तयार नसतात. मग मालकांचे पैसे ठेवण्यासाठी त्यांचे स्वतंत्र खाते आहे का, ते संस्थेच्या स्वतःच्या खर्चाच्या खात्यात मिसळले जातात का, आणि महिन्याच्या कोणत्या तारखेपर्यंत आपल्याकडे पोहोचतात, हे विचारावे आणि उत्तर करारात उतरवून घ्यावे. अनामत रकमेबाबत मी अधिक कडक आहे. ती भाडेकरूची रक्कम आहे, आपलीही नाही, मग व्यवस्थापकाची कशी असेल? जेथे ती संरक्षित खात्यात ठेवण्याचा कायदा असेल तेथे त्याप्रमाणे ठेवावी, इतरत्र ती आपल्याकडे असावी आणि तिची पावती भाडेकरूकडे.

दुरुस्तीसाठी खर्चाची मर्यादा ठरवावी. महिन्याच्या भाड्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतचे किरकोळ काम न विचारता व्हावे, नाहीतर नळाच्या वॉशरसाठीही रात्री आपला फोन वाजेल आणि व्यवस्थापक नेमूनही कटकट मागे राहील. त्यावरील कामासाठी दोन लेखी दरपत्रके आणि आपली संमती घ्यावी लागेल. पाइप फुटणे, विजेचा धोका, गॅसची गळती यांना अर्थातच अपवाद असावा : आधी काम, मग त्याच दिवशी छायाचित्रांसह कळवणे. बिल मात्र प्रत्यक्ष काम करणाऱ्या कारागिराच्या नावाचे आणि मूळ असावे. व्यवस्थापकाच्याच छापील कागदावर ‘नळदुरुस्ती व इतर’ अशी एक ओळ आणि खाली एक आकडा, हे बिल होत नाही.

मुखत्यारपत्र देण्याची वेळ आली तर ते मर्यादित असावे. भाडे स्वीकारणे, ठरलेल्या अटींवर भाडेकरार करणे, दुरुस्ती करून घेणे एवढेच अधिकार त्यात असावेत. विक्री, गहाण, ठरलेल्या मुदतीपेक्षा लांबचा करार आणि आपल्या वतीने तडजोड हे अधिकार नसावेत, आणि पत्राला अखेरची तारीख असावी. तयार छापील मसुद्यात ‘आणि मालमत्तेसंबंधी इतर सर्व कामे’ असे शेपूट हमखास असते. तेवढ्या चार-पाच शब्दांनी वरची सारी मर्यादा पुसली जाते, म्हणून ते खोडल्याशिवाय सही करू नये. स्थानिक कायदा पाहणाऱ्या वकिलाला हा एक कागद दाखवण्याचा खर्च टाळू नये.

निवड करण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. संस्थेने सध्या भाड्याने देण्यासाठी जाहिरात केलेल्या एखाद्या घराबद्दल भाडेकरू म्हणून फोन करावा. फोन किती वेळाने उचलला जातो, घर दाखवण्यासाठी माणूस वेळेवर येतो का, विचारलेल्या प्रश्नांना तो उत्तरे देतो की टोलवाटोलवी करतो, हे कार्यालयात बसून ऐकलेल्या कोणत्याही आश्वासनापेक्षा अधिक सांगून जाते. दुसरे म्हणजे, कोणत्याही एका मालकाला पाठवलेला मागील महिन्याचा हिशेब नाव झाकून दाखवण्यास सांगावे. जमा, खर्च, शुल्क, शिल्लक आणि त्यांना जोडलेली बिले असा कागद दोन मिनिटांत समोर आला तर संस्था हिशेब ठेवते. ‘पाठवतो’ असे उत्तर आले तर आपल्या हिशेबाचेही पुढे तेच होणार. आपले घर संस्थेतील कोणती व्यक्ती पाहणार आहे आणि तिच्याकडे आधीच किती घरे आहेत, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे. गोड बोलून काम मिळवणारा आणि पुढे काम करणारा हे बहुधा वेगळे असतात.

भाडेकरू राहायला येण्याच्या दिवशी खोलीनिहाय नोंद, तारखेसह छायाचित्रे, मीटरवरील आकडे आणि दोन्ही बाजूंच्या सह्या असा अहवाल व्यवस्थापकाने करावा. तो नसेल तर भिंतीवरचा डाग आधीचा की नंतरचा हा वाद शेवटी कोणालाच सोडवता येत नाही. त्यानंतर वर्षातून दोन वेळा, भाडेकरूला आधी कळवून आणि त्याच्या सोयीने, पाहणी पुरे. त्याहून अधिक चकरा म्हणजे राहत्या माणसाच्या घरात डोकावणे होय.

आता आपला मूळ प्रश्न : मी दुसरी संस्था निवडेन, वरील अटी तिने मान्य केल्या तर. पत्नीला माझा नमस्कार सांगावा. मसुदे तिनेच वाचत राहावेत.

प्रश्न : माझे घर गेली चार वर्षे माझा भाचा पाहतो. तो त्याच भागात राहतो आणि या कामाचा एक पैसाही घेत नाही. भाडे तो रोख गोळा करून दोन-तीन महिन्यांनी एकत्र पाठवतो, दुरुस्तीचे पैसे त्यातूनच वजा करतो. अलीकडे रक्कम जुळत नाही असे मला वाटते. हिशेब मागावा तर बहिणीला वाईट वाटेल. बाहेरचा व्यवस्थापक नेमला तर त्याहून वाईट वाटेल. मी काय करावे?

उत्तर : भाचा पैसे घेत नाही म्हणून आपल्याला हिशेब मागता येत नाही, हीच अडचणीची जागा आहे. त्याने पैसे खाल्ले असतील असे मी म्हणत नाही. रोख घेतलेले भाडे, खिशातून दिलेला प्लंबरचा खर्च, तीन महिन्यांनी आठवून केलेली वजाबाकी, यांतून कोणाचीच रक्कम जुळणार नाही, अगदी प्रामाणिक माणसाचीही.

प्राचीन रोमन कायद्यात दुसऱ्याचे काम विनामोबदला पत्करण्याच्या कराराला ‘मांदातुम’ म्हणत. मोबदला ठरला तर तो मांदातुम राहत नसे, इतकी ही विनामूल्यता मूळची होती. तरीही काम सोपवणाऱ्याला हिशेब मागण्याचा आणि नुकसान झाल्यास दावा लावण्याचा पूर्ण अधिकार होता, आणि अशा दाव्यात दोषी ठरलेल्यावर समाजात अप्रतिष्ठेचा शिक्का बसत असे. मैत्रीच्या पोटी घेतलेल्या कामात जबाबदारी कमी असते, ही समजूत दोन हजार वर्षांपूर्वीही कोणी मान्य केली नव्हती.

आपण दावा लावणार नाही हे उघड आहे, आणि लावूही नये. मागचे उकरण्याऐवजी पुढची व्यवस्था बदलावी. भाच्याला फोन न करता प्रत्यक्ष भेटावे, शक्य असल्यास बहिणीच्या घरीच, आणि चार वर्षे त्याने जे केले त्याबद्दल मनापासून आभार मानून सांगावे की, यापुढे हे काम फुकट नको, दरमहा भाड्याच्या इतके टक्के त्याने घ्यावेत. भाडे बँकेतून थेट आपल्या खात्यात येईल, दुरुस्तीचे बिल त्याने फोटो काढून पाठवावे आणि आपण त्याच दिवशी पैसे द्यावेत. एका पानावर हे लिहून दोघांनी सही करावी. घेतलेल्या पैशामुळे त्याचे काम मोजता येईल, आणि आपल्याला विचारण्याचा संकोच उरणार नाही. तो ‘मामा, मला पैसे नकोत’ म्हणाला तरी आग्रह सोडू नये. तो घेण्यास ठाम नकार देत असेल आणि बँकेची व्यवस्थाही टाळत असेल, तर मात्र आपल्या शंकेला काही आधार आहे असे धरून, घरातील नाते जपण्यासाठीच बाहेरचा व्यवस्थापक नेमावा. बहिणीला सांगताना कारण ‘त्याच्या मागचा त्रास कमी व्हावा’ एवढेच द्यावे; ते खोटेही नाही.

प्रश्न : आपल्या सदरात बहुतेक पत्रे मालकांची असतात. मी भाडेकरू आहे. न्हाणीघराच्या छतातून तीन महिने पाणी गळते आहे. व्यवस्थापक म्हणतो मालक परवानगी देत नाहीत. मालकांचा पत्ता किंवा फोन तो देत नाही. मी भाडे थांबवले तर चालेल का?

उत्तर : भाडे स्वतःहून थांबवू नये. जेथे कायदा विशिष्ट परिस्थितीत तशी मुभा देतो तेथेही तिच्या आधी काही पायऱ्या असतात. त्या चुकल्या तर गळती बाजूला राहून आपणच थकबाकीदार ठरता.

आपण आतापर्यंत तक्रार तोंडी केली असावी असा माझा अंदाज आहे. आता ती लेखी करावी : गळती कधी सुरू झाली, कोणत्या तारखांना कळवले, काय उत्तर मिळाले, सोबत छायाचित्रे, आणि किती दिवसांत दुरुस्ती अपेक्षित आहे. पत्र व्यवस्थापकाच्या नावे असले तरी आत ‘मालकांच्या माहितीसाठी’ असे स्पष्ट लिहावे. प्रतिनिधीला त्याच्या कामाच्या कक्षेत दिलेली सूचना मालकालाच दिल्यासारखी धरली जाते, हे तत्त्व बहुतेक कायदापद्धतींत मान्य आहे. त्यामुळे पुढे मालक ‘मला कोणी सांगितलेच नाही’ म्हणाले तरी ती तक्रार त्यांची आणि त्यांच्या व्यवस्थापकाची आपसातील ठरेल. आपला भाडेकरार काढून पाहावा; त्यावर मालकांचे नाव असणार आणि बहुधा पत्ताही. अनेक ठिकाणी भाडेकरूने लेखी मागणी केल्यास मालकाचे नाव-पत्ता देणे बंधनकारक असते.

या निमित्ताने मालक वाचकांसाठी एक जुनी हकिकत. १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांच्या जमिनीचा कारभार चार्ल्स बॉयकॉट नावाचा माणूस पाहत असे. पीक बुडालेल्या कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, मालक १० टक्क्यांच्या पुढे जाईनात, आणि कुळांना हुसकावण्याच्या नोटिसा घेऊन पुढे उभा राहिला तो बॉयकॉट. गावाने त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले. शेतमजूर, दुकानदार, टपाल पोहोचवणारा मुलगा, कोणीच त्याचे काम करेना. बहिष्कारासाठी इंग्रजीत रूढ झालेला ‘बॉयकॉट’ हा शब्द त्याच्या नावावरून आला. मालकाचे नाव आज फारसे कोणाला आठवत नाही. दूर राहणाऱ्या मालकाचा निर्णय भाडेकरूला नेहमी व्यवस्थापकाच्या चेहऱ्याने दिसतो, आणि व्यवस्थापकाची हयगय मालकाच्या नावावर खपते. या पत्रातील मालकांनी खरेच परवानगी नाकारली आहे की त्यांना गळतीचा पत्ताच नाही, हे मला येथे बसून सांगता येत नाही. पण घर दुसऱ्याच्या हाती दिलेल्या प्रत्येक मालकाने वर्षातून एकदा तरी भाडेकरूला स्वतः दोन ओळी लिहाव्यात आणि ‘काही अडचण आहे का’ एवढे विचारावे.

प्रश्न : व्यवस्थापक नेमून चारच महिने झाले, पण हिशेब वेळेवर येत नाही आणि फोनला उत्तर नाही. करार वर्षाचा आहे. त्याला आता काढता येईल का, आणि कसे?

उत्तर : करारातील समाप्तीचे कलम वाचावे. बहुतेक करारांत ३० किंवा ६० दिवसांची पूर्वसूचना देऊन बाहेर पडता येते, काहींत मुदतीपूर्वी काढल्यास दंड असतो. दरमहा हिशेब देण्याचे त्याने कबूल केले असेल आणि दिला नसेल, तर अटभंग त्याने केला आहे. हिशेब मागणारी लेखी सूचना आधी द्यावी, तिला उत्तर देण्यास मुदत द्यावी आणि त्यानंतर समाप्तीचे पत्र पाठवावे.

क्रम मात्र चुकू देऊ नये, कारण ज्याच्या हाती ससा तो पारधी. समाप्तीचे पत्र जाण्याच्या दिवशीच, शक्य झाल्यास व्यवस्थापकाच्याही सहीने, भाडेकरूला लेखी कळवावे की पुढील भाडे कोणत्या खात्यात भरायचे आहे. तोंडी निरोपावर कोणताही शहाणा भाडेकरू खाते बदलणार नाही, आणि त्याने बदलूही नये. मुखत्यारपत्र दिलेले असेल तर ते रद्द केल्याचा कागद स्वतंत्रपणे करावा. त्यानंतर अनामत त्याच्याकडे असल्यास ती, मूळ भाडेकरार, प्रवेशाच्या दिवसाचा अहवाल, भाडेकरूची कागदपत्रे, बिले आणि उपकरणांची हमीपत्रे यांची यादी करून एकेक वस्तू सहीनिशी ताब्यात घ्यावी. त्याचे शेवटचे शुल्क ही यादी पूर्ण झाल्यावर द्यावे. किल्ल्या किती दिल्या होत्या ते आठवून तितक्याच परत घ्याव्यात, आणि एखादी कमी भरली तर भाडेकरूच्या संमतीने कुलूप बदलून नवी किल्ली आधी त्याच्या हाती द्यावी.